पावतीवरची तारीख

फेब्रुवारीचा पगार झाला की दरवर्षी कुणीतरी माझ्या टेबलाशी येतं. “मॅडम, या महिन्यात शंभर रुपये जास्त कापलेत.” मी पगारपत्रक उघडून दाखवते. व्यवसाय कर. ऑफिसात सगळे त्याला पीटी म्हणतात. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. बाराही महिने दोनशे कापले तर ती गाठायला शंभर कमी पडतात, म्हणून ते एका महिन्यात घ्यायचे. १९८८च्या घटनादुरुस्तीआधी ही मर्यादा अवघी २५० रुपयांची होती. एवढं सांगितलं की समोरच्याचं समाधान होतं आणि तो जागेवर परततो.

बावीस वर्षं मी पुण्यात पगाराचं काम बघते आहे. इतक्या वर्षांत ‘हे पैसे घेतात कशासाठी?’ असं विचारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी भेटली. त्यांना मी बसायला खुर्ची देते, कारण उत्तर लांबचं आहे.

महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे रोहयोसाठी. शहरात ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याच्याकडून थोडं घ्यायचं आणि खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम द्यायचं. ओलिताखालची जमीन, वाहनं, विक्रीकर यांच्यावरही थोडा थोडा भार टाकला होता, आणि या सगळ्यातून जेवढे जमतील तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची होती. हमीचा कायदा केला आणि पैशाचं नंतर बघू, असं झालं नाही. पैसा कुठून येणार हे कायद्याच्या आधीच ठरलं. सरकारी योजनांमध्ये मला ही गोष्ट फार क्वचित दिसते, आणि ती ज्यांनी केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आमच्या घरातली पहिली पगारदार मी. माझ्या आधीच्या दोन पिढ्या या कराच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेचं. महाबळेश्वराकडे ढग रिकामे होतात आणि आमच्या माळावर नुसता वारा पोचतो. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आजी फारसं बोलायची नाही. बोललीच तर खाण्याचं बोलायची. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी यायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटा. कामावर पोरांना सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटायचे, तो त्यांना इतका आवडायचा की शाळा सोडून ती कामावरच जाऊन बसायची. आजी खडी फोडायला होती. डाव्या हाताचं एक नख तिला पुढं कधी धड आलंच नाही. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशी दुष्काळी कामांवर होती. ५० लाख म्हणजे किती, हे मला अजूनही डोळ्यांपुढं आणता येत नाही. एका नखापर्यंतच माझी पोच.

ही कामं कधी काढायची हे ठरवण्याची एक रीत होती. इंग्रजांच्या दुष्काळ संहितेपासून ती चालत आलेली. महसूल खात्यानं पिकाची आणेवारी काढायची, म्हणजे पुरतं पीक रुपयाचं धरलं तर यंदा किती पैशांचं आलं याचा अंदाज. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की गाव टंचाईचं ठरायचं, आणि मग कलेक्टरनं कामं सुरू करायची. म्हणजे गावात भूक आहे की नाही हे उभ्या पिकाकडे बघून ठरायचं. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं काय? पाऊसपाणी बरं झालेल्या वर्षीही आमच्याकडे शिमगा सरला की मृगापर्यंत मजुराला काम नसे. आणेवारी साठ पैसे असली तरी त्याची चूल थंडच. त्या महिन्यांना कागदावर नाव नव्हतं.

वि. स. पागे यांनी हा क्रमच फिरवला. ते मंत्री नव्हते. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. विचार गांधी-विनोबांचा आणि माणूस सांगली जिल्ह्यातला, म्हणजे आमच्यासारखाच कोरडवाहू मुलूख पाहिलेला. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेतून एक लहान प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती कल्पना उचलली आणि १९७२ साली योजना जाहीर झाली. रोहयो दुष्काळातून जन्मली असं सगळे म्हणतात, शाळेत मीही तसंच लिहिलं होतं. खरं तर दुष्काळानं ती सुरुवातीला गिळलीच. टंचाईची कामं इतकी प्रचंड झाली की हमीची वेगळी कामं उरलीच नाहीत, आणि योजना १९७४ मध्ये पुन्हा उभी करावी लागली. पण दुष्काळानं एक केलं. लाखो माणसांना कामाच्या जागी एकत्र बसवलं. मजुरी वेळेवर मिळावी, पुरेशी मिळावी म्हणून त्या काळात मोर्चे निघाले, संप झाले, आणि त्यांत बाया पुढं होत्या. वरून आलेली कल्पना आणि खालून आलेला रेटा यांची गाठ पडली नसती तर ती कल्पना कुठल्याशा समितीच्या अहवालात राहिली असती असं मला वाटतं.

१९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमतानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ हे आपण भिंतींवर रंगवलेलं वाचतो, पण कायद्यातली खरी जागा त्याच्या पुढं आहे. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही देता आलं तर बेकारी भत्ता द्यायचा, दिवसाला किमान एक रुपया. एक रुपया त्या काळीही फार नव्हता. तरी तो रुपया देताना सरकारला लिहून द्यावं लागणार होतं की आम्ही शब्द पाळू शकलो नाही. आणेवारीचा सगळा कारभार बाजूला सारून, कधी सुरुवात करायची हे आता मजुराच्या अर्जावर आलं होतं. त्यानं मागितलं की घड्याळ सुरू.

एकमत झालं याचं मला लहानपणी फार अप्रूप वाटायचं. आता वाटतं, त्या एकमताच्या पोटात बरंच काही होतं. मुंबई-पुण्यातल्या आमदारांना खेड्यातले लोंढे थोपवायला हवे होते. बागायतदारांना तळी, बंधारे, रस्ते हवे होते. आमच्या गावच्या वरच्या अंगाला रोहयोतून पाझर तलाव झाला. ओढ्यावर बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं. ते पाणी पाझरून खालच्या विहिरींना येतं. विहिरी ज्यांच्या जमिनी खाली त्यांच्या. माती वाहिली ती ज्यांना जमीनच नव्हती त्यांनी. हा अन्याय आहे, आणि तो योजनेच्या पायातच होता. पण त्या विहिरींना पाणी आल्यावर शेतात रब्बीची खुरपणी-काढणी वाढली आणि त्याच बायांना आणखी दोन महिने गावात मजुरी मिळाली, हेही मी पाहिलेलं आहे. पुढं १९९० पासून या योजनेतून फळबागा लावायला अनुदान मिळू लागलं आणि राज्यात आंबा, डाळिंब, काजू, बोरं यांचं क्षेत्र मोठं वाढलं. तिथंही जमीन असणाऱ्याचंच भलं आधी झालं. या दोन्ही गोष्टी मी एकमेकींतून वजा करू शकत नाही. आकड्यांचं काम करूनही नाही.

त्या तलावावर माझी आत्या होती. नवरा गेल्यावर ती माहेरीच राहिली. रोजगार हमीचं खरं दप्तर मला तिच्याकडून कळलं.

तिथं मजुरी दिवसावर नसते, मोजमापावर असते. टोळीला खड्डा आखून देतात. खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा. किती खोल गेलो याचा तो पुरावा. आठवड्यानं मोजायला माणूस येतो, लांबी-रुंदी-खोली घेतो, दरसूचीतल्या दरानं गुणतो आणि टोळीच्या हजेरीपटावर वाटून टाकतो. सगळं चोख वाटतं. पण दर एक नाही. मऊ मातीचा वेगळा, मुरमाचा वेगळा, कठीण मुरमाचा वेगळा, खडकाचा आणखी वेगळा. आमच्या माळावर वरची वीतभर माती गेली की खाली टिकाव परत उसळतो असा मुरूम. आत्याच्या टोळीनं दोन आठवडे तो फोडला आणि हजेरीपटावर लागला ‘माती’ असा शब्द. मजुरी निम्म्यावर आली. आत्या त्या कारकुनाला म्हणाली, “भाऊसाहेब, ही माती असंल तर एक डाव तुमीच टिकाव हाणून बघा.” तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या हाताखाली चार कामं होती, डोक्यावर उन्हं होती, आणि ‘माती’ लिहिल्यावर त्याला कुणी जाब विचारणार नव्हतं. ‘कठीण मुरूम’ लिहिलं असतं तर वरून विचारणा झाली असती.

विधिमंडळात एकमतानं झालेला कायदा आमच्या माळावर येईपर्यंत त्याच्या आणि आत्याच्या मधे एवढा एक शब्द उरला होता. धोरण म्हणजे काय याचा विचार मी पुष्कळ वेळा करते, आणि प्रत्येक वेळी तिथंच येऊन थांबते. वर हेतू किती चांगला होता याला खाली फार किंमत नसते. खाली ज्याच्या हातात पेन आहे त्याला कोणती गोष्ट लिहिणं सोपं आणि कोणती जड, हे वर बसलेल्यांनी बघितलं होतं का? मुरूम लिहिणं त्याला जड होतं. एवढं पाहिलं असतं तर पुरे होतं.

हेच मोठ्या प्रमाणावरही झालं. १९८८ मध्ये राज्यानं शेतमजुरांचं किमान वेतन जवळपास दुप्पट केलं, आणि रोहयोची मजुरी त्याला बांधलेली असल्यामुळे तीही वाढली. मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढायला हवेत. पुढच्या काळात राज्यात योजनेवरचं काम उलट कमी झालं. काम हवं असणारी माणसं कुठं गेली नव्हती. नवी कामं निघायची थांबली होती. कायद्यातलं एक अक्षर न बदलता हमी आकसता येते, हे मी त्यातून शिकले. त्यासाठी फक्त मागणी नोंदवायची नाही.

आत्याच्या अर्जाची गोष्ट त्याच्या थोडी पुढची, नव्वदच्या सुरुवातीची. मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते. ज्वारीला दाणा भरला नव्हता, काढणी आठ दिवसांत उरकली होती, आणि चैत्रातच टँकरची वाट बघणं सुरू झालं होतं. नवीन काम काढायचं तर निदान पन्नास मजुरांची मागणी लागायची, असा तेव्हाचा नियम. आत्यानं वाड्यावस्त्या फिरून त्रेपन्न जमवले. ‘नमुना ४’ म्हणजे काम मागण्याचा अर्ज. तो मी लिहिला, कारण घरात माझंच अक्षर बरं होतं. त्रेपन्नांतल्या चाळीसएक जणांचे अंगठे होते. शाईचं पॅड शाळेतून मागून आणलं होतं, ते सुकलं म्हणून शेवटच्या सात-आठ जणांना काजळ लावलं. ते अंगठे मला अजून दिसतात.

तालुक्याच्या ऑफिसात आम्ही तिघी गेलो. आत्या, शेजारची एक काकू आणि मी. टेबलामागच्या माणसानं अर्ज घेतला, चाळला, फायलीत ठेवला आणि म्हणाला, “ठेवून जा. कळवू.”

आत्या म्हणाली, “पावती द्या.”

“पावती कशाला? अर्ज घेतलाय की.”

“तारीख टाकून द्या.”

तो हसला नाही की रागावला नाही. साहेब बैठकीला गेलेत, शिक्का आत आहे, उद्या या, म्हणाला. एसटीचं भाडं तिघींचं मिळून एका दिवसाच्या मजुरीएवढं. दुसऱ्या दिवशी आत्या आणि मी दोघीच गेलो. अर्ज ‘वर’ गेला होता. तिसऱ्या खेपेला तो सापडला, पण त्यावर पन्नास नावं पडताळायची होती.

तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस आम्हाला उगीच छळतो आहे. आज मी त्याच्याच जातीचं काम करते, कागद आणि तारखा, म्हणून मला त्याचा हिशेब कळतो. पावतीवर तारीख पडली की पंधरा दिवस मोजले जाणार. पंधरा दिवसांत बांधकाम, पाटबंधारे, मृदसंधारण, वन यांपैकी कुठल्या तरी खात्यानं आखून तयार असलेलं काम द्यायला हवं. ते तयार नसलं तर भत्ता देणं आलं, आणि भत्ता दिला की का द्यावा लागला याचा खुलासा आला. तो खुलासा मागितला जाणार होता टेबलामागच्या त्या माणसाकडे, काम आखून न ठेवणाऱ्या इंजिनिअरकडे नाही. तारीख न टाकणं हाच त्याचा बचाव होता. मला त्याची कीव येते. आणि तरीही त्यानं त्रेपन्न घरांचे नऊ दिवस बुडवले, हे मी विसरलेली नाही.

मला वाटतं ही खोच पुढं दिल्लीतही कुणाला तरी नक्की माहीत होती. २००५ मध्ये संसदेनं रोजगार हमीचा कायदा केला, २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून तो देशात सुरू झाला, आणि त्यात अर्जाची तारीख असलेली पावती द्यायचीच असं लिहून ठेवलं होतं. वाचून मला आत्याची आठवण झाली. पण त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. अकुशल मजुरीचे पैसे केंद्रानं द्यायचे आणि बेकारी भत्ता राज्यानं. काम दिलं तर राज्याला फार खर्च नाही, काम नाही दिलं तर भत्त्याचा भुर्दंड, म्हणजे राज्य काम देईलच, असा त्यामागचा विचार. कागदावर तो बिनतोड आहे. प्रत्यक्षात त्यामुळे राज्याला मागणी नोंदवून न घेण्याचं नवं कारण मिळालं. आमच्या तालुक्यातल्या त्या टेबलाला दिल्लीहून आणखी एक पाय मिळाला.

पुढं मजुरी बँकेत जमा होऊ लागली, आणि मुकादमाच्या हातची रोख वाटणी गेली हे फार चांगलं झालं. नंतर कामावरची हजेरी मोबाइलवर फोटो काढून लागू लागली. १ जानेवारी २०२३ पासून तर ती सगळीकडे सक्तीची झाली. खोटे हजेरीपट हा रोहयोचा जुना रोग होता, तो मी नाकारत नाही. पण आमच्या वरच्या वाडीला डोंगराआड रेंज नाही. माणूस दिवसभर खणतो आणि फोटो चढत नाही म्हणून गैरहजर लागतो. खोटी हजेरी पकडायला जितकी अक्कल खर्च झाली, त्याच्या चौथाई जरी खरी मागणी नोंदवायला झाली असती तर बरं झालं असतं, असं मी जाहीरपणे म्हणायला तयार आहे.

मी पावतीचं सांगत होते. चौथ्या खेपेला आत्यानं माझ्या हातात अर्जाची दुसरी प्रत दिली. पहिल्याच दिवशी शेजारच्या मास्तरांनी सुचवलं म्हणून मी ती नकलून ठेवली होती. ती घेऊन आम्ही आवक-जावकच्या खिडकीवर गेलो. तिथं येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का पडतो, कारण तिथल्या बाईंना तेवढंच काम. तिनं अर्ज वाचलाही नाही. गोल शिक्का, मधे तारीख, बाजूला आवक क्रमांक आणि सही. आत्यानं तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि मला विचारलं, “ह्यात तारीख कुठाय?” मी बोट ठेवून दाखवली. तिथंच तिनंही बोट ठेवलं.

घरी आल्यावर कालनिर्णयावर पंधराव्या दिवसाभोवती तिनं कोळशानं गोल काढला. चौदाव्या दिवशी गावात सांगावा आला, नाल्याच्या बांधबंदिस्तीचं काम निघालं आहे, उद्यापासून यावं. त्रेपन्नांतले एकेचाळीसच गेले. बाकीचे बारा जण तोवर मुंबईला नातेवाइकांकडे हमालीला निघून गेले होते. त्यांना पहिल्याच दिवशी पावती मिळाली असती तर त्यांतले किती थांबले असते, याचा विचार आत्या नंतर कैक दिवस करत होती. एकाएकाचं नाव घ्यायची.

मग खालच्या आळीतल्या, पलीकडच्या वाडीतल्या बाया यायला लागल्या. तुम्हाला काम कसं मिळालं, विचारायला. आत्या त्यांना अंगणात बसवून सांगायची, कागद दोन न्या. एक त्यांना द्या, एकावर खिडकीत शिक्का घ्या. शिक्का घेतल्याबिगर उठू नका. आणि मला हाक मारायची. त्या सुट्टीत वडिलांनी तालुक्याहून कार्बन पेपरचं एक पाकीट आणून दिलं होतं. निकाल लागेपर्यंत मी सोळा अर्ज लिहिले.